फेब्रुवारीचे 300 रुपये

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याची मुदत 2025 साली 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर गेली होती. मुदत वाढली म्हणून काम कमी होत नाही, ते नुसते पुढे सरकते आणि शेवटच्या आठवड्यात साचते, हे सोलापुरातल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात 22 वर्षे नोकरी करताना मला पाठ झाले आहे. बाहेर पाऊस लागला होता, दाराशी ठेवलेल्या छत्र्यांचे पाणी ओघळून फरशीवर पसरले होते आणि माझ्या टेबलावर फॉर्म 16, बँकेचे उतारे आणि शेअर दलालांकडून आलेले नफ्यातोट्याचे तक्ते यांचा ढीग होता. समोर आमचे एक जुने अशील बसले होते. निवृत्त अधिकारी, वागायला अत्यंत सज्जन, दरवर्षी सगळे कागद तारखेवार लावून आणणारे. भरायच्या कराचा आकडा मी त्यांना पडद्यावर दाखवला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग थकल्या आवाजात म्हणाले, "शंभरातले दोघे कर भरतात आणि बाकीचे अठ्ठ्याण्णव त्यांच्या जिवावर फुकट जगतात. असा आपला देश." नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या, चहापाणी बघणाऱ्या मावशी त्यांच्यापुढे चहाचा पेला ठेवत होत्या. पेला ठेवताना त्यांचा हात क्षणभर थांबला, असे मला वाटले.

मी मान डोलावली होती.

ती मान मी का डोलावली, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. समोरच्या माणसाचे बोलणे मोडू नये ही नोकरीतली सवय तर आहेच, पण तेवढेच कारण असते तर ते इतके टोचले नसते. त्या वाक्यातला संताप मला परका नव्हता. माझा कर माझ्या हातात पगार पडायच्या आधीच कापला जातो, आणि दिवसभर मी ज्यांचे हिशेब लिहिते त्यांतल्या काहींचे उत्पन्न दरवर्षी बरोबर करमर्यादेच्या काठाशी येऊन कसे थांबते, हे मला दिसत असते. तीन मजली घराची वास्तुशांत करणारा माणूस कागदावर माझ्यापेक्षा गरीब असतो. रोखीने घेतलेली फी कुठल्याही वहीत उतरत नाही. पगारदाराला लपवायला जागाच नसते, म्हणून तो प्रामाणिक ठरतो, आणि त्या सक्तीच्या प्रामाणिकपणाचा त्याला अभिमानही वाटतो आणि रागही येतो. तो राग माझ्यातही आहे. त्यामुळे त्या दिवशी डोलावलेली मान नुसत्या शिष्टाचाराची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच लवकर आले होते. मावशी फरशी पुसून झाल्यावर माझ्या टेबलाशी आल्या आणि पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नव्याने निघालेल्या एका मोठ्या किराणा दुकानाची ती छापील पावती होती, त्या पातळ चकचकीत कागदावरची अक्षरे घड्यांपाशी पुसट झाली होती. "ताई, ह्यात खाली लिवलंय ते टॅक्सच की? पोरगी म्हणली, ह्यो टॅक्स हाय." मी म्हटले, हो, टॅक्सच आहे. त्यांनी आणखी काही विचारले नाही, पण पावतीही उचलली नाही. कालच्या वाक्याचा उल्लेख त्यांनी केला नाही आणि मीही केला नाही. आम्ही दोघी ती पावती वाचू लागलो.

गोडेतेलाची 1 लिटरची पिशवी 160 रुपये, चहा पावडर 110, साखर 2 किलो 90. या तिन्हींवर 5 टक्के. कपडे धुण्याची पावडर 118, अंगाच्या साबणाच्या 4 वड्या 140, केसांना लावायचे आवळ्याचे तेल 95, टूथपेस्ट 100, नातवासाठी बिस्किटांचे पुडे 50. या पाचांवर तेव्हा 18 टक्के होता. एकूण 863 रुपये. छापील किमतीतच कर धरलेला असतो, म्हणून तो बाहेर काढायला उलटा हिशेब करावा लागतो, आणि हा उलटा हिशेब तर माझा रोजचाच. मी कॅल्क्युलेटरवर तो केला आणि आकडा त्यांच्याकडे वळवून दाखवला. 863 रुपयांत साधारण 94 रुपये कर होता. "चौऱ्याण्णव?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्य होते, आणि त्या आश्चर्याच्या मागे काहीतरी सापडल्याचे समाधान होते. मग त्यांनीच एकेक गोष्ट आठवून सांगायला सुरुवात केली. असला किराणा महिन्यातून दोनदा भरतात. घरात दोन मोबाइल आहेत, दर महिन्याला 299 चा रिचार्ज दोनदा, त्यात प्रत्येकी 45 रुपयांहून जास्त कर. शिवाय सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, कधी पोराची चप्पल. सगळे मिळून महिन्याचा आकडा 300 च्या घरात गेला. भाजी, दूध, सुटी ज्वारी, मीठ यांवर कर नाही, हेही मी त्यांना सांगितले, कारण खरे ते सांगायला हवे. चार घरची कामे आणि आमचे कार्यालय मिळून त्यांना महिन्याला 11,000 रुपये मिळतात, आणि बचत गटाचे 200 सोडले तर त्यातले काहीही महिन्याअखेरीस उरत नाही.

300 हा आकडा बघून मी जागच्या जागी थबकले. त्याचे कारण माझ्या पगारपत्रकात आहे, त्याकडे मी येईनच.

मी लहान असताना कराला तोंड होते. गावाकडून येताना एस.टी. किंवा टेंपो सोलापूरच्या वेशीवर जकात नाक्याशी थांबायचा. ट्रकांची रांग, डिझेलचा आणि ओल्या गोणपाटाचा वास, खाटेवर आडवे पडलेले ड्रायव्हर आणि खिडकीतून बाहेर आलेला नाकेदाराचा हात, एवढे सगळे मला अजून स्पष्ट दिसते. एकदा वडील गावच्या घाण्यावरून शेंगदाण्याच्या तेलाचा डबा आणत होते. घरखाण्याचा आहे असे त्यांनी परोपरीने सांगितले, पण पावती फाडावीच लागली. कार्बनपेपरखालची ती गुलाबी पावती वडिलांनी घरी आल्यावर आईला अशी दाखवली जणू कोणी त्यांचा अपमान लिहून दिला होता. नाक्यावर वेळ जायचा, पैसा जायचा, चिरीमिरीही जायची. मुंबईतली जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा संपली, त्याआधीच इतर शहरांतली गेली होती, आणि ती गेली हे चांगलेच झाले. तरी एक गोष्ट तिच्याबरोबर गेली, असे मला आता वाटते. नाक्यावर पैसे मोजणाऱ्या माणसाला आपण कर दिला हे ठाऊक असायचे. तो चिडायचा, पण चिडायला त्याच्याकडे पावती असायची. आता कर साबणाच्या वडीत विरघळलेला असतो. ज्याने तो भरला त्याला तो भरल्याचे कळत नाही, आणि ज्याला आपण भरतो ते कळते, तो दुसऱ्याला फुकटा म्हणतो.

ही दृष्टी काही आजची नाही. 1882 साली हंटर यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी याच ठिकाणी बोट ठेवले होते. सरकारच्या तिजोरीत येणारा बहुतांश पैसा रयतेच्या घामातून येतो, वरच्या आणि श्रीमंत वर्गाचा त्यात वाटा नाममात्र असतो, आणि तरी त्या पैशाचा मोठा भाग वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असे त्यांचे म्हणणे होते. दख्खनच्या 1876 ते 1878 च्या दुष्काळाला तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. मला त्या युक्तिवादाची बांधणी फार मोलाची वाटते. रयतेवर दया करा, असे फुले म्हणत नाहीत. पैसा तिचा आहे, तिच्या पोरांच्या शाळेचा हिशेब द्या, असे म्हणतात. कर कोण देतो हे एकदा निश्चित झाले की जाब कोणी विचारायचा हेही निश्चित होते, आणि म्हणूनच कर देणाऱ्यांच्या यादीतून कोणाला तरी गाळणे ही साधी चूक राहत नाही.

मिठाचेही तसेच. गांधींनी 2 मार्च 1930 ला व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले, त्यात त्यांनी थेट व्हाइसरॉयचा पगार काढला. महिना 21,000 रुपये, म्हणजे दिवसाला 700 हून जास्त, आणि त्याच वेळी या देशातल्या माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला 2 आण्यांहूनही कमी. मीठ मात्र दोघांच्या ताटात सारखेच, किंबहुना उन्हात राबून घाम गाळणाऱ्याच्या ताटात थोडे जास्तच. म्हणून गरिबाच्या बाजूने पाहिले तर हा कर सगळ्यांत अन्यायाचा, असे त्यांनी लिहिले. त्या मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही उतरले, वडाळ्याच्या मिठागरांवरही उतरले, लोकांनी मूठमूठ मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. पैशांत मोजले तर एका कुटुंबाचा मिठावरचा कर फार मोठा नव्हता. 1947 साली तो रद्द झाला. मीठ आजही करमुक्त आहे, आणि मावशींच्या पावतीवर ते असते तर त्यापुढे शून्य छापलेले दिसले असते. त्या शून्याकडे माझे लक्ष यापूर्वी कधी गेले नव्हते.

आता त्या अशिलांच्या कागदांकडे परत येते, कारण त्यांच्यावर अन्याय करून मला चालणार नाही. त्यांचा कर खरोखरच बराच होता, आणि त्यांनी एक रुपयाही लपवला नव्हता. मात्र त्यांच्या निवृत्तिवेतनावर वरच्या टप्प्यात 30 टक्के लागत होते आणि त्याच फाइलीतल्या शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, पहिला सव्वा लाख सोडून, साडेबारा टक्के. हा नफा 2018 पर्यंत तर पूर्णच करमुक्त होता. माणसाने वर्षभर राबून मिळवलेल्या शेवटच्या रुपयावर 30 पैसे आणि त्याने नुसत्या धरून ठेवलेल्या शेअरने मिळवलेल्या रुपयावर साडेबारा पैसे, ही रचना मी वर्षानुवर्षे रकाने भरत बघत आले आहे. तिच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे मला माहीत आहेत. गुंतवणूक यावी, भांडवल बाहेर जाऊ नये, कंपनीने नफ्यावर आधीच कर दिलेला असतो. ते पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. पण वारसांच्या मालमत्तेवरचा 1953 सालचा संपदा शुल्क कायदा 1985 मध्ये गेला, संपत्ती कर 2015 मध्ये गेला, कंपन्यांचा मूळ दर 2019 मध्ये 30 वरून 22 टक्क्यांवर आला, आणि संपदा शुल्क व संपत्ती कर काढून टाकताना जे कारण दिले गेले ते एकच होते, की हाती फार थोडे लागते आणि वसुलीचा त्रासच जास्त. मावशींकडून 94 रुपये वसूल करायला सरकारला एकही माणूस नेमावा लागत नाही. वसुली ज्याच्याकडून सोपी त्याच्याकडून घ्यायचे, याला व्यवस्थापन म्हणता येईल, न्याय म्हणताना माझी जीभ अडखळते.

माझा चुलतभाऊ सांगोल्याकडे 5 एकर डाळिंब करतो. त्याच्याबद्दलही शहरात तेच वाक्य ऐकू येते, शेतकऱ्याला कसला आला कर. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही हे खरे, आणि त्या सवलतीच्या आडोशाला आपला दुसराच पैसा पांढरा करून घेणारे शहरी शेतकरीही मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही. पण भाऊ औषधांचे डबे आणतो त्यांवर 18 टक्के देतो, खतावर 5 देतो, ठिबकच्या नळ्यांवर परवापरवापर्यंत 12 देत होता. दुकानदार किंवा कारखानदार असता तर खरेदीवर दिलेला हा कर त्याला विक्रीच्या करातून वळता करून घेता आला असता. त्याचा माल मात्र करमुक्त. माल करमुक्त म्हणजे वळते करून घ्यायला समोर काहीच नाही, म्हणून खरेदीवरचा सगळा कर त्याच्याच अंगावर राहतो. करमुक्त हा शब्द कानाला सवलतीसारखा लागतो आणि बांधावर त्याचा अर्थ असा उलटा होतो, हे त्याला समजावून सांगताना मला स्वतःचीच लाज वाटल्यासारखे झाले होते. तो शांतपणे ऐकत होता, हातातल्या कात्रीने फांद्या छाटत होता, आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे आमी भरतोय, फकस्त मोजत न्हाई कुनी."

मोजत नाही कोणी. कार्यालयात परत आल्यावर ते वाक्य कित्येक दिवस माझ्या टेबलावर पडून राहिले.

आणि आता त्या 300 रुपयांबद्दल. महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पत्रकात व्यवसाय कराचे 200 रुपये दर महिन्याला कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे बरोबर 2,500. नोकरीला लागले तेव्हा फेब्रुवारीत 100 रुपये जास्त का, असे मी साहेबांना विचारले होते, आणि ते म्हणाले होते, बेरीज जुळवायला. तेवढ्यावर मी समाधान मानले. हा कर मुळात कशासाठी आला हे मला पुष्कळ वर्षांनी कळले, आणि कळले तेव्हा आजी हयात नव्हती.

आजी सांगोल्याजवळच्या आमच्या गावची. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. उन्हात बसून हातोडीने दगडाची खडी करायची, मुकादम फूटपट्टी लावून ढीग मोजणार, मस्टरवर अंगठा, आणि दुपारी सुकडी. सुकडीची चव ती फार बारकाईने सांगायची, कोरडी, जरा गोडसर, टाळूला चिकटणारी, आणि त्यातली मूठभर ती माझ्या वडिलांसाठी पदराला बांधून आणायची. हातोडीच्या दांड्याने तिच्या उजव्या तळव्याला जे घट्टे पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. मी लहानपणी त्यांवरून बोट फिरवत झोपायची, चिंचेच्या चिंचोक्यासारखे गुळगुळीत आणि टणक. दुष्काळ ओसरल्यावरही पुढच्या कित्येक उन्हाळ्यांत ती कामावर गेली, कधी पाझर तलावावर, कधी नाल्याच्या बांधावर. तेव्हा त्या कामांना रोजगार हमी म्हणू लागले होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात जिचा पहिला प्रयोग झाला, तिचा कायदा महाराष्ट्राने 1977 साली केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम. साऱ्या देशासाठी तसा कायदा व्हायला 2005 साल उजाडले. आजी त्याविषयी एकच वाक्य बोलायची, "सरकारनं काम दिलं, भीक न्हाई दिली."

त्या कामाच्या मजुरीसाठी पैसा लागणार होता, आणि तो उभा करायला 1975 मध्ये जे कर बसवले गेले त्यांत हा व्यवसाय कर होता. शहरातल्या पगारदाराने, डॉक्टराने, वकिलाने, दुकानदाराने दरमहा थोडे द्यायचे, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची, आणि त्यातून सांगोल्यात, माणमध्ये, आष्टीत खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती आठवड्याची मजुरी पडायची. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीत पंख्याखाली बसलेल्या एका कारकुनाच्या पगारातून काही रुपये गेले आणि ते माझ्या आजीच्या पदरात आले. त्या कारकुनाला आजी ठाऊक नव्हती, आजीला तो ठाऊक नव्हता. कराबद्दल मी आयुष्यभर जे काही वाचले, लिहिले, भरले, त्यात याच्याइतके मला काहीच भिडलेले नाही. तो पैसा कापला गेला तेव्हा तोही कुरकुरला असेल, त्याच्याही घरी कोणीतरी आजारी असेल, महिनाअखेर ओढाताण होत असेल. त्याच्या कुरकुरीसकट मी त्याची ऋणी आहे.

आणि तरीसुद्धा हा कर न्याय्य नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला वर्षाला 250 रुपयांची मर्यादा घातली होती, 1988 मध्ये ती 2,500 झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. त्यामुळे आमच्या इमारतीच्या दाराशी रात्रभर बसणारा पहारेकरी, ज्याचा पगार 14,000 आहे, तो वर्षाला 2,500 भरतो, आणि महिन्याला 12 लाख घेणारा कंपनीचा मोठा अधिकारीही 2,500 च भरतो. पहारेकऱ्याच्या दर शंभर रुपयांतून दीड रुपया जातो, अधिकाऱ्याच्या शंभरातून दोन पैसेही नाहीत. बायकांना 2023 पासून महिना 25,000 पर्यंत हा कर माफ झाला, ती सुधारणा चांगलीच आहे, पण पहारेकरी पुरुष आहे. ज्या कराने माझ्या आजीचे घर जगवले तोच त्याच्या घराकडे असा बघतो. कराच्या हेतूवर प्रेम असले की त्याच्या आकारातला दोष दिसूनही नजरेआड होतो. माझ्याकडून तसे पुष्कळ वर्षे झाले.

22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे 18 वरून 5 टक्क्यांवर आली, मुलांच्या वह्या आणि पेन्सिली करमुक्त झाल्या. दसऱ्यानंतर मावशींनी नवी पावती आणली आणि या वेळी माझ्या आधी त्यांनीच खालच्या ओळींवर बोट ठेवले. आकडा खरोखर कमी झाला होता. मला मनापासून बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्यात ही रुखरुखही होती, की 8 वर्षे या वस्तूंवर 18 टक्के चालू शकले ते कशामुळे. त्यांच्या डब्यात आता अशा सात-आठ पावत्या जमल्या आहेत. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून त्यांच्या मुलीने मागच्या बाजूला पेनाने आकडे लिहून ठेवले आहेत, तारीख, एकूण, कर. त्या कशाला ठेवता, असे मी विचारले नाही. वडिलांच्या कपाटात जकातीची ती गुलाबी पावती पुष्कळ वर्षे होती.

या फेब्रुवारीत माझे पगारपत्रक आले त्याच दिवशी ते अशील परताव्याची चौकशी करायला आले. परतावा अडकला होता, त्यांनी पुन्हा तेच सुरू केले, त्याच थकल्या आवाजात, आणि या वेळी मी मान डोलावली नाही. मी त्यांना 863 रुपयांचा हिशेब सांगितला. कोणाचा ते सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती, कारण मावशी ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण हा कर काय, सगळेच भरतात."

"हो," मी म्हटले, "सगळेच भरतात."

त्यांनी पेला उचलला, एक घोट घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान वर करून मावशींना विचारले, "मावशी, साखर काय भावाने आणता तुम्ही हल्ली?"

"पंचेचाळीस, साहेब," मावशी रिकामा ट्रे छातीशी धरून म्हणाल्या. "त्यात पाच टक्के टॅक्स धरून."